खळ, मेथी आणि रक्तातली साखर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी उठून मोबाइल हातात घेतला की सलाम-नमस्काराच्या आधी मेथी येते. ‘रात्री एक चमचा मेथी भिजत घाला, सकाळी अनशापोटी ते पाणी प्या, महिन्यात पोट आत, तीन महिन्यांत शुगर गायब.’ खाली हात जोडलेले, फुलं, आणि ‘दहा जणांना पाठवा’ अशी ताकीद. कधी मेथीच्या जागी कुळीथ असतात, कधी काळे चणे, कधी पांढरा राजमा.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा भिवंडीचा माणूस आहे. तरी या विषयावर बोलायला तयार झालो, कारण हा निरोप मी एकदा खरा मानला होता.

पाच वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. वजन अडुसष्ट किलो. रस्त्यात कुणी मला लठ्ठ म्हटलं नसतं. फक्त सदऱ्याची मधली दोन बटणं ताणलेली असायची. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, तिचा आकडा ७.६ आला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, भात निम्मा करायला सांगितला. पहिल्या महिन्यात गोळीनं पोट बिघडलं आणि नेमका त्याच सुमारास मेथीचा निरोप आला. आमच्या घरात मेथी म्हणजे औषधच. बाळंतिणीला मेथीचे लाडू, गुडघ्यांना मेथी, केसांना मेथी. अम्मीनं आयुष्यभर जिच्यावर भरवसा ठेवला, ती मेथी कारखान्यातल्या गोळीपेक्षा जवळची वाटली. गोळ्या कपाटात गेल्या. चार महिने मी न चुकता मेथीचं पाणी प्यायलो आणि मनातल्या मनात बरा झालो.

मग कल्याणला एका कविसंमेलनात कागद हातात घेऊन उभा राहिलो, तर अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. माझीच कविता, मला वाचता येईना. आठवेल तशी म्हटली, दोन कडवी गाळली, टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो. दुसऱ्या दिवशी तपासणी केली. आकडा १०.१.

आमची डॉक्टर मोहल्ल्यातलीच आहे, माझ्या मुलीच्या वयाची. ती रागावली नाही. म्हणाली, ‘चाचा, मेथी खा, माझी काही हरकत नाही. पण गोळी कुणाला विचारून बंद केलीत?’ साखर वाढली की डोळ्यांतल्या भिंगात पाणी शिरतं, म्हणून नजर धूसर होते, हे तिनं समजावलं. साखर उतरल्यावर काही आठवड्यांत नजर परत आली. मेथी नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे समजून घ्यायची जिद्द मात्र तिथून लागली. बी.ए.ला माझा विषय मराठी होता. रसायनशास्त्राच्या दारात जायला पन्नाशी उलटावी लागली.

पहिलं आश्चर्य हे की मेथी ही मसाल्याच्या डब्यात बसत असली, तरी कुळानं ती कडधान्यांची सख्खी बहीण आहे. हरभरा, मूग, मटकी, वाल, कुळीथ, राजमा, गवार, भुईमूग, एवढंच काय, चिंचसुद्धा त्याच शेंगांच्या घराण्यातली. या घराण्याचा दाणा म्हणजे नव्या रोपासाठी बांधून दिलेली शिदोरी. तिच्यात पिष्ट असतं, प्रथिनं असतात. काहींत डिंकासारखा पदार्थ असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणजे उगवताना कोंब सुकत नाही. आणि शिदोरी भुंगेऱ्यांनी फस्त करू नये म्हणून काही कडू, काही विषारी द्रव्यंही असतात. आपण ज्यांना औषधी गुण म्हणतो ते बहुतेक या शेवटच्या दोन गोष्टींतून येतात.

त्यातला डिंक मला चटकन कळला, आणि त्याचं कारण भिवंडी. माझे अब्बा सायझिंगमध्ये कामाला होते. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बीमवरचं ताण्याचं सूत तसंच मागावर चढवलं तर घासून घासून तुटतं. म्हणून त्याला आधी खळ पाजतात. आज त्यासाठी मक्याचं पिष्ट आणि रसायनं वापरतात, पण पूर्वी चिंचोक्याचं पीठही शिजवत. धनगर मंडळी घोंगडीला अजूनही चिंचोक्याची खळ देतात. लहानपणी अब्बांचा डबा घेऊन गेलो की मी त्या खळीच्या कढईत काठी फिरवून बघायचो. मूठभर पीठ आणि केवढं पाणी! पण ते पाणी पाण्यासारखं वाहायचं नाही, काठीला धरून ठेवायचं.

मेथीच्या दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तंतू असतात, आणि त्यातला मोठा भाग असा खळ होणारा आहे. त्याचं नाव गॅलॅक्टोमॅनन. गवारीच्या बियांतला डिंक हा त्याचाच भाऊ. गवार गम कापडाच्या छपाईत रंग घट्ट करायला वापरतात, आइस्क्रीममध्ये घालतात. २०१२ साली अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींना तो इतका लागला की राजस्थानात गवारीचे भाव आकाशाला भिडले.

आता हीच खळ पोटात गेली तर काय होईल? आपण भात किंवा पोळी खाल्ली की पाचक रस पिष्टाचे तुकडे करून साखर बनवतात. ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते. अन्न पातळ असेल तर हे काम झपाट्यानं उरकतं आणि साखर उसळते. अन्न खळीसारखं घट्ट असेल, तर जठरातून पुढं सरकायला वेळ लागतो, पाचक रस आत शिरायला वेळ लागतो, सुटलेली साखर भिंतीपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. साखर तेवढीच, पण ती पुरासारखी न येता पाटाच्या पाण्यासारखी येते. डेव्हिड जेन्किन्स या शास्त्रज्ञानं १९७८ साली हे फार सुंदर दाखवलं. त्यांच्या गटानं वेगवेगळे तंतू साखरेच्या पाण्यातून लोकांना दिले. जो तंतू जास्त चिकट, त्यानं साखरेची उसळी जास्त दाबली. मग गवारीचा डिंक तोडून त्याचा चिकटपणा घालवला आणि पुन्हा दिला, तर गुणही गेला. म्हणजे यात जादू कसली नाही, चिकटपणा हाच गुण.

मेथीवरचं महत्त्वाचं काम आपल्याकडे झालं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींना दहा दिवस तेल काढलेली मेथीपूड जेवणातून दिली. लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली, कोलेस्टेरॉलही उतरलं. हा आकडा निरोपांत मोठ्या अक्षरांत फिरतो. फिरत नाही ती मात्रा: रोज १०० ग्रॅम. घरातल्या चमच्यात मेथी चार ग्रॅमच्या आसपास मावते. म्हणजे पंचवीस चमचे! आणि मी काय करत होतो? एक चमचा भिजवून पाणी पीत होतो आणि दाणे कुंडीत टाकत होतो. खळ बहुतांशी दाण्यातच राहते. चार महिन्यांत औषध प्यायला मिळालं ते आमच्या गुलाबाच्या कुंडीला.

कमी मात्रेचाही एक प्रयोग आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांचा तीन वर्षं पाठपुरावा करून तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज दहा ग्रॅम मेथी दिली होती. ज्यांना दिली नव्हती, त्यांच्यात मधुमेह होण्याची शक्यता चौपट निघाली. आशादायक आहे, पण माणसं थोडी आहेत. एवढ्यावर गोळी सोडावी असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन नावाचं एक अमिनो आम्लही आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं की साखर वाढलेली असताना ते स्वादुपिंडाच्या पेशींतून इन्सुलिन सोडायला मदत करतं. हे मात्र मुख्यतः प्रयोगशाळेतलं.

वजनाचं काय? २००९ सालच्या अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात १८ स्थूल व्यक्तींना न्याहारीबरोबर आठ ग्रॅम मेथीचा तंतू दिला. पोट भरल्यासारखं वाटलं, भूक कमी लागली. पण पुढं दिवसभरात खाल्लेल्या अन्नात म्हणावा असा फरक पडला नाही. महिन्यात पोट आत, हे त्या बिचाऱ्या मेथीनं कधी कबूल केलेलं नाही.

जाता जाता मेथीची एक गंमत. मेथी खूप खाल्ली की घामाला गोडसर वास येतो. सोटोलोन नावाच्या द्रव्याचा तो वास. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपलच्या पाकासारखा वास पसरायचा आणि लोक घाबरून पोलिसांना फोन करायचे. २००९ साली उलगडा झाला: नदीपलीकडच्या न्यू जर्सीत मेथीदाणा प्रक्रिया करणारा एक कारखाना होता!

आता दुसरी बाजू, भुंगेऱ्यांना रोखणाऱ्या द्रव्यांची. राजमा, घेवडा यांच्या दाण्यात एक प्रथिन असतं. ते पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या पाचक रसाला अडवून धरतं, त्यामुळे किड्याला दाणा पचत नाही. माणसाच्या पोटातही ते हेच करील, मग भात खा आणि जाड होऊ नका, अशी कल्पना निघाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘स्टार्च ब्लॉकर’ म्हणून या गोळ्यांचा महापूर आला. १९८२ साली डॉक्टरांनी मोजून पाहिलं, तर गोळी घेऊनही पिष्ट पचतच होतं. सरकारनं त्या वर्षी ती विक्री थांबवली. पुढं जास्त शुद्ध अर्क निघाले, त्यांचा थोडाफार परिणाम काही प्रयोगांत दिसला. पण तो अर्क म्हणजे राजमा नव्हे. कच्चा किंवा अर्धकच्चा राजमा वाटून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात लेक्टिन नावाचं दुसरं विष असतं आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा पाच-सहा तास भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळला पाहिजे. आपण कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढतो ते उगाच नाही. साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्यालाही हाच नियम.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज याच घराण्यानं खोटा पाडला आहे. सोनार जिच्यानं सोनं तोलायचे ती गुंज याच घराण्यातली, आणि तिच्यातलं अॅब्रिन जीवघेणं. विदर्भातली लाखोळी डाळ दुष्काळात रोज खाऊन माणसांचे पाय लुळे पडले, म्हणून देशात तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली. आणि गवारीचा तो साधासुधा डिंक! १९९० च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या वजन घटवण्याच्या गोळ्या आल्या. पुरेसं पाणी न पिता गिळल्या की त्या अन्ननलिकेतच फुगून अडकत. कित्येकांना इस्पितळात न्यावं लागलं. शेवटी त्या बाजारातून काढाव्या लागल्या. खळीच्या कढईत काठी फिरवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीनं. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक झाड आहे, शेंगांच्याच घराण्यातलं. तिथले जुने वैद्य ते वापरत; मेंढ्यांनी मात्र खाल्लं तर त्या मरत. त्याच्यात गॅलेजीन नावाचं द्रव्य सापडलं. ते रक्तातली साखर उतरवतं, पण माणसालाही झेपत नाही. मग त्याच्याशी नातं असलेली, पण कमी विषारी द्रव्यं रसायनशास्त्रज्ञांनी बनवायला घेतली. त्यातलं एक १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झालं आणि तीस-पस्तीस वर्षं पडून राहिलं. १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहींना देऊन पाहिलं. ते द्रव्य म्हणजे मेटफॉर्मिन. कारखान्यातली परकी वस्तू म्हणून जी गोळी मी कपाटात टाकली होती, ती मेथीची दूरची नातेवाईक निघाली! फरक इतकाच की तिची मात्रा किती, धोका कुठं, मूत्रपिंड कमजोर असेल तर काय करायचं, हे लाखो माणसांवर तपासून झालेलं आहे. मोबाइलवरच्या चमच्याचं तसं काही झालेलं नाही.

अडुसष्ट किलोच्या माणसाला हा रोग का व्हावा, याचं उत्तर पुण्यातून मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसतो किडकिडीत आणि आतून असतो चरबीदार, विशेषतः पोटात. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढं गेली की सावध व्हायचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटी १० लाख निघाले आणि सुटलेली पोटं शंभरात जवळपास चाळीस.

मग कडधान्यं कशाला खायची? औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून. इथं त्यांची बाजू खरोखर भक्कम आहे. हरभरा, राजमा, मसूर यांतलं पिष्ट हळूहळू पचतं; भाताच्या तुलनेत साखरेची उसळी निम्म्याहून कमी. जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली आणखी एक गोष्ट दाखवली: सकाळी मसूर खाल्लेल्यांची दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढली. जे पिष्ट वर पचत नाही ते खाली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतं, आणि त्यातून शरीराला उपयोगी अशी आम्लं तयार होतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाच्या आहारात जवाबरोबर मूग आणि कुळीथ सांगितले आहेत. युनानी हकीम मेथीला हुल्बा म्हणतात. त्यांना गॅलॅक्टोमॅनन ठाऊक नव्हतं, पण ताटात काय वाढायचं ते ठाऊक होतं.

आमच्या या भागात भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं आमच्या घरी खालाच्या हातचं लागतं. सोलताना सालीतले तंतू जातात हे मला आता कळतं, पण खालाला हे सांगायची माझी हिंमत नाही. कुळथाची पिठी कोकणात घरोघर आहे. अडचण ही की पिठी वाटीभर आणि भात ताटभर. डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं की हे उलटं करा.

हे सांगणं सोपं आहे. आमच्या गल्लीत मागावर बारा तासांची पाळी करणारा एक उत्तर प्रदेशचा माणूस राहतो. जेवतो कारागिरांच्या खाणावळीत. आमच्याकडे तिला भिस्सी म्हणतात. तिथं भात पोटभर, डाळ पातळ, कारण डाळ महाग. त्यालाही साखर आहे. फुकट गोळ्या मिळतात, पण रांगेत उभं राहायचं तर अर्धी पाळी बुडते. त्याच्या मोबाइलवरही तोच निरोप येतो, आणि मेथीची पुडी दहा रुपयांत कोपऱ्यावर मिळते. तो मूर्ख नाही. त्याचा हिशेब त्याच्या खिशाप्रमाणं चुकतो. मी त्याला माझा कविसंमेलनाचा किस्सा सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘भाईजान, दोनों साथ में चलेगा क्या?’

त्याचा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांकडे नेला. चालेल, म्हणाल्या, पण डॉक्टरला सांगून. गोळ्या चालू असताना मेथी जास्त घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते, विशेषतः इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर. घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं की लगेच साखर खायची. इतर औषधं आणि मेथी एका वेळी घेऊ नयेत, खळ औषधालाही अडवते. गरोदर बाईनं फोडणीपलीकडे मेथी नको, आणि ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यानं जपून.

मी आता मेथी दळून पिठात मिसळतो, दाणे कुंडीत जात नाहीत. भाकरी कडवट लागते, घरात तक्रार आहे. गोळी पोटाला सोसेना म्हणून डॉक्टरांनी ती बदलून हळूहळू विरघळणारी दिली. हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं असतं तर मिळालं असतं. गेल्या तपासणीत आकडा ६.९ आला. रमजानच्या आधी दर वर्षी त्यांच्याकडे जाऊन गोळीच्या वेळा बदलून घेतो. इफ्तारला भज्यांच्या आधी उकडलेले काळे चणे, कांदा आणि लिंबू घेतो. भज्यांसाठी हात पुढं जातोच, पण तोवर पोटात थोडी जागा कमी झालेली असते.